असं का? : दगड कापतो कसा

कोल्हापूरच्या रस्त्याकडेची ताजी काळी खडी उचलताना बोट कापतं. असं का? या खडीच्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, घाव बसला की कपची उडते. तिचे दोन पृष्ठभाग अरुंद कोनात मिळतात, हाताचा सगळा जोर त्या बारीक रेघेवर एकवटतो आणि कातडी फाटते.

नेवाशाजवळ चिरकीला, प्रवरेकाठी, आदिमानवानं बेसॉल्टच्याच, मुठीत धरायच्या हातकुऱ्हाडी घडवल्या. काही इतक्या रेखीव, की पाहत राहावं. रेखीव म्हणून त्या जास्त कापायच्या का? अॅलिस्टर की आणि स्टीफन लायसेट या संशोधकांनी नव्यानं घडवलेल्या ५०० हातकुऱ्हाडींनी कापून पाहिलं. २०१७ साली छापलेला निष्कर्ष : आकृतीचा फरक फार थोडा पडतो, अगदी लहान अवजारं मात्र मागं पडतात. मला वाटतं, तो रेखीवपणा पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या हाताचा असावा.