जुने इंजिन, नवा गिअरबॉक्स

गॅरेज, लेथ, वेल्डिंग, कमानपाटे, रेडिएटर, पत्राकाम. मोटारीच्या या धंद्यांत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जेऊर, करमाळा, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, कुठेही जा. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादा उस्ताद आणि त्याचे दोन शागीर्द गाडीखाली आडवे झालेले दिसतील. आमचा धंदा कापडाचा. पण गाठी वाहायला गाडी लागते आणि गाडी आली की उस्तादांशी संबंध आलाच. म्हणून आज या पानावर कापडाऐवजी लोखंडाविषयी लिहितो.

विषय एकाच कामाचा आहे. जुन्या जीपचे इंजिन तेच ठेवून तिला नंतरच्या काळातला गिअरबॉक्स बसवणे. काम कठीण आहे, पैसे देणारे आहे. पण अंदाजाने केले तर गिऱ्हाईक आणि अब्रू दोन्ही घालवणारे आहे.

जेऊर आणि जीप

करमाळा हे तालुक्याचे गाव, पण रेल्वे तिथे नाही. करमाळ्याचे स्टेशन म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जेऊर. स्टेशनवर उतरलेली माणसे आणि माल आतल्या गावांत पोचवायला खडबडीत रस्त्यांवर जीपच उपयोगी पडे. उजनीचे पाणी आले, ऊस आणि केळी वाढली, तेव्हा शेतातल्या वाटांवरही तीच धावली.

ही जीप मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. आपल्याकडे तिची जोडणी मुंबईत सुरू केली महिंद्रांनी. ही कंपनी 1945 मध्ये निघाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये इथल्या कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले.

त्यांच्या सी. जे. थ्री-बी जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. आकार 134 घनइंच, म्हणजे सुमारे 2.2 लिटर; ताकद सत्तर अश्वशक्तीच्या थोडी वर. इंजिन दणकट. बोअर करा, पिस्टन बदला, पुन्हा चालू. तिचा टी-90 गिअरबॉक्स मात्र फक्त तीन गिअरचा, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चढावर पहिला टाकायचा तर गाडी थांबवा, नाहीतर डबल क्लच मारा. वर्षे झाली की दात झिजतात, गिअर सुटतो, आवाज येतो. मग मालक म्हणतो, ‘उस्ताद, इंजिन तेच ठेवा, पण 540 जीपचा चार गिअरचा बॉक्स टाका.’ कोणी पाच गिअरचा मागतो.

अमेरिकेतही हाच सवाल

हा सवाल फक्त आपला नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1932 मध्ये सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन काढले. आकार 221 घनइंच, ताकद 65 अश्वशक्ती. तिथल्या मोटारींत ते 1953 पर्यंत चालले. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढले, इंजिने तेज केली आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवली. या गाड्यांना ‘हॉट रॉड’ नाव पडले. त्यांनाही मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचाच.

पुढे 1980 नंतर बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-5 नावाचा पाच गिअरचा बॉक्स निघाला. ॲल्युमिनियमचा, वजनाला सुमारे 34 किलो, आणि भंगारात गेलेल्या साध्या गाड्यांतून सहज मिळणारा. हॉट रॉडवाल्यांनी तो पन्नास वर्षे जुन्या इंजिनाला जोडायला घेतला. तेव्हा त्यांना ज्या अडचणी आल्या त्याच आपल्या उस्तादांना येतात. त्या एकेक करून पाहू.

पहिला हिशेब : कशासाठी?

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. जुन्या जीपच्या मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण 5.38. सहा-सोळा टायरच्या एका फेरीत गाडी सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी 80 किलोमीटरला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 3,200 फेरे मारते. या इंजिनाची पूर्ण ताकदच 4,000 फेऱ्यांवर निघते, म्हणजे बिचारे सतत ओरडतच चालते. पाचवा गिअर 0.85 चा मिळाला तर तोच वेग सुमारे 2,700 फेऱ्यांत निघेल. पेट्रोल वाचेल, झीज कमी होईल, कानालाही आराम.

पण पाचवा लवकर टाकू नये. ताशी 60 ला पाचव्यात इंजिन 2,000 च्या आसपास फिरते आणि याच फेऱ्यांवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. त्याखाली टाकला तर इंजिन दबते आणि ठोके देते.

आता खालची बाजू. टी-90 चा पहिला गिअर 2.8 चा. त्याला 5.38 ने गुणले तर 15 येतात. इंजिनाचे 15 फेरे, चाकाचा एक. नव्या बॉक्सचा पहिला 4 चा असेल तर हाच आकडा साडेएकवीस होतो. केळीने भरलेली ट्रॉली ओढायला बरे वाटते. पण तोच वाढलेला जोर जुन्या प्रोपेलर शाफ्टवर, जॉइंट-क्रॉसवर आणि ॲक्सलवर पडतो, जवळजवळ दीडपट. बॉक्स नवा आणि क्रॉस चाळीस वर्षांचा, हा सौदा टिकत नाही. वेग वाढणार असेल तर ब्रेकही तपासावेत. जुने ड्रम ब्रेक जुन्या वेगासाठी केलेले आहेत.

दुसरा हिशेब : केंद्र

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बेल हाउसिंग असते. जुन्या इंजिनाची बोल्टांची छिद्रे आणि नव्या बॉक्सची छिद्रे बहुधा जुळत नाहीत. मग मध्ये जाड पट्टी टाकतात. तिला ॲडॅप्टर प्लेट म्हणतात, आपण जोडपट्टी म्हणू. खरा हुनर या पट्टीत आहे.

फोर्डच्या जुन्या इंजिनात एक अडचण अशी की 1948 पर्यंत बेल हाउसिंगचा भाग इंजिनाच्या ब्लॉकबरोबरच ओतलेला असे, वेगळा काढता येत नसे. 1949 पासून तो बोल्टने निघणारा झाला. म्हणून तिथले कारागीर सगळ्यात आधी इंजिनाचे साल विचारतात. आपणही विचारावे. एकाच नावाच्या दोन जीपमध्ये सालानुसार फरक निघतो.

आमच्या धंद्यात सूत म्हणजे धागा. लेथवाल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण या कामात ते सूतही फार मोठे. इथे इंचाच्या हजाराव्या भागात मोजावे लागते, लेथवाले ज्याला थाऊ म्हणतात. क्रँकचे केंद्र आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचे केंद्र यांत पाच थाऊपेक्षा जास्त फरक नको. फ्लायव्हीलला डायल लावून पूर्ण फेरी फिरवली की सुई फरकाच्या दुप्पट दाखवते, म्हणून सुईवर दहा थाऊपर्यंत चालेल. त्यापुढे गेले की क्लच शाफ्ट वाकडा जोर खातो, पायलट बेअरिंग खराब होते, क्लच प्लेटचा मधला बोश फाटतो आणि गिअर आपोआप सुटतो.

बोल्ट आवळून केंद्र जुळत नाही. बोल्टाच्या छिद्रात सैलपणा असतोच. केंद्र धरून ठेवतात त्या डॉवेल पिना. जोडपट्टीत डॉवेल नसतील तर ते काम नाकारावे.

आमच्या ओळखीच्या एका केळी-व्यापाऱ्याने अशीच जीप एका गॅरेजमधून करून आणली होती. पट्टी छान रंगवलेली, पण डॉवेल एकही नाही. छिद्रे गोल कानशीने वाढवून बोल्ट बसवलेले. दीड महिन्यात दोन क्लच प्लेट गेल्या. दोष प्लेटच्या कंपनीवर टाकला गेला. शेवटी एका लेथवाल्याने डायल लावली तेव्हा सुई चाळीस थाऊ फिरली.

तिसरा हिशेब : लांबी आणि क्लच

जोडपट्टी जितकी जाड तितका गिअरबॉक्स मागे सरकतो. चार सूत मागे गेला की क्लच शाफ्टचे टोक पायलट बुशात पोचत नाही आणि शाफ्ट हवेत डुलतो. पट्टी फार पातळ असेल तर टोक क्रँकला भिडते. मग बोल्ट आवळताना क्रँकवर दाब येतो आणि थ्रस्ट वॉशर मरतो. म्हणून आधी खोली मोजावी, मग पट्टीची जाडी ठरवावी. बॉक्स हाताने ढकलून हाउसिंगला पूर्ण टेकला पाहिजे. बोल्टने ओढून टेकवावा लागला तर काहीतरी चुकले आहे.

क्लच प्लेट दोघांची मिळून असते. बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलप्रमाणे, मधले दाते नव्या शाफ्टप्रमाणे. दाते मोजूनच प्लेट आणावी. रिलीज बेअरिंगची चालही तपासावी. नाहीतर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही.

तेलाचेही ध्यान ठेवावे. जुन्या बॉक्सला 90 नंबरचे जाड तेल. नव्यात पितळी सिंक्रो असतात आणि काही तेलांतली रसायने पितळ खातात. अमेरिकेतल्या टी-5 बॉक्सच्या नंतरच्या जातीला तर कंपनी ऑटोमॅटिक गाड्यांचे पातळ तेल घालायला सांगते. कंपनीने सांगितले तेच घालावे.

चौथा हिशेब : मागची बाजू

गिअरबॉक्स एकटा येत नाही, मागचे सगळे घेऊन येतो. जीपच्या गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्स्फर केस बसलेला असतो आणि त्यातून मागचा शाफ्ट मधोमध न निघता उजवीकडे सरकून निघतो. मागचा डिफरन्शियलही त्याच बाजूला आहे. मधून शाफ्ट निघणारा बॉक्स टाकला तर शाफ्ट तिरका होतो आणि क्रॉस खातो. म्हणून जुन्या ट्रान्स्फर केसशी जुळणारा बॉक्स निवडणे शहाणपणाचे.

फोर्डवाल्यांची अडचण दुसरी. 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये शाफ्ट एका बंद नळीत असे आणि ती नळीच मागच्या ॲक्सलला जागेवर धरी. टी-5 ला उघडा शाफ्ट लागतो. नळी काढली की ॲक्सलला धरणारे दांडे नव्याने द्यावे लागतात. हे ज्यांना आधी सुचले नाही त्यांचा बॉक्स बसला, पण गाडी रस्त्यावर आली नाही.

कागद विसरू नका

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होईल असे बदल गाडीत करता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम याविषयीच आहे. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची आधी परवानगी लागते. आपल्या कामात इंजिन तेच राहते, ही जमेची बाजू. तरीही मालकाने काम सुरू होण्याआधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे, आणि उस्तादाने तो कागद पाहावा.

दुसरी गोष्ट. जुलै 2021 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आता विचार करा. नवा बॉक्स बसवण्यासाठी तुम्ही गॅसकटरने चासीचा आडवा दांडा कापला, तर मालकाचा हा रस्ता कायमचा बंद होईल. म्हणून कापू नका, वेल्डिंग मारू नका. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल असेच करा. काढलेला जुना गिअरबॉक्स भंगारात न देता तेल लावून, चिठ्ठी बांधून मालकाच्या ताब्यात द्या.

धंदा पट्टीत आहे

अमेरिकेतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी एक गोष्ट केली. एकदा मेहनतीने जोडपट्टी जमली की तिचे माप कागदावर उतरवले, साचा केला आणि तीच पट्टी बोल्ट, डॉवेल आणि पायलट बुशासह खोक्यात घालून विकली. लांबच्या गावातल्या अनोळखी माणसाने ती घेतली आणि स्वतः बसवली. एका कामाची मजुरी अनेकदा मिळाली.

आपल्याकडे उस्ताद प्रत्येक गाडीला नव्याने डोके लावतो. माप त्याच्या डोळ्यात आणि हातात असते. शागीर्द बघून बघून शिकतो. उस्ताद थकला की माप संपले. कापडात आम्ही डिझाइनचा आलेख जपून ठेवतो, म्हणून सोलापुरी चादरीची नक्षी विणकर बदलला तरी तीच निघते. लोखंडात असे का होऊ नये?

म्हणून कारागीर बांधवांना एवढीच विनंती. एक वही ठेवा. इंजिनाचे साल, बॉक्सचे नाव, पट्टीची जाडी, छिद्रांचे अंतर, डायलचे आकडे, दात्यांची संख्या, तेलाचा प्रकार, सगळे लिहा. एक चांगला डायल गेज घ्या. दोन फाटलेल्या क्लच प्लेटच्या भांडणापेक्षा तो स्वस्त पडेल. पहिली पट्टी बनवताना तिच्याबरोबर साचाही बनवा. आणि जिथे केंद्र जुळत नाही किंवा चासी कापावी लागते, तिथे गिऱ्हाइकाला साफ नाही म्हणा. ज्या जीपमध्ये दहा माणसे बसून घाट उतरतात, तिच्या बाबतीत नाही म्हणणे हाही हुनराचाच भाग आहे.