पत्राची पोच, माणसाची पोच

मराठीत ‘पोच’ हा मोठा गमतीदार शब्द आहे. त्याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो. पण ते एकाच शब्दाचे आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. पत्र मिळालं, पैसे मिळाले, सामान मिळालं की आपण देतो ती पोच. आणि कुठे काय बोलावं, किती बोलावं, कधी गप्प बसावं याची जी समज, तीही पोचच. ‘त्याला काही पोचच नाही’ असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाबद्दल किंवा पगाराबद्दल बोलत नसतो. पदवीधराला पोच नसते आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला ती असते. हे दोन अर्थ एका शब्दात यावेत, यात मला मोठं शहाणपण दिसतं. ‘तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं’ हे समोरच्याला वेळेवर कळवता येणं, ही निम्मी सभ्यता झाली.

टपालाच्या काळात ही पोच कागदावर असे. महत्त्वाचं पत्र रजिस्टर करताना सोबत पोचपावती जोडत. घेणाऱ्यानं सही केली की ती पाठवणाऱ्याकडे परत येई. २०२५ साली रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पण अनेक घरांतल्या फायलींत त्या पावत्या अजून जपून ठेवलेल्या सापडतील. साध्या पोस्टकार्डातसुद्धा पोच असेच. उत्तराची सुरुवातच ‘आपले पत्र पावले, मजकूर समजला’ अशी होई. आधी पोच, मग स्वतःचं गाऱ्हाणं. लिहिणाऱ्याचा जीव पहिल्याच ओळीत भांड्यात पडे.

त्याच्याही आधी असे मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या जागी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. मग ‘शि. सा. न.’, ‘सा. न. वि. वि.’ अशी अक्षरं. शाळेत ती पाठ करताना कंटाळा येई; पण ती एक काम चोख करत. मी कोण, तुम्ही कोण आणि आपलं नातं काय, हे मजकुराआधीच ठरून जाई. वाईट बातमीच्या पत्रावर वर ‘श्री’ लिहीत नसत. काही ठिकाणी कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचणाऱ्याच्या हातात कार्ड पडलं की एक शब्द वाचण्याआधीच त्याचं मन तयार होई. मग तो खाली बसून वाचे किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी आत पाठवून वाचे. धक्का कमी होत नसे, पण तो एकदम अंगावर येत नसे.

आता हीच बातमी सकाळच्या फुलांच्या शुभेच्छा आणि एखादा विनोद यांच्या मधे सापडते. वाचणारा बसमध्ये उभा असतो, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. बातमी देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. चाळीस जणांना एकदम कळतं, वेळ वाचतो, अंत्यविधीची वेळ सगळ्यांपर्यंत जाते. ही सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण सख्ख्या भावाला आणि लांबच्या ओळखीच्याला एकाच क्षणी, एकाच ओळीत कळावं, यात काहीतरी चुकतंय असं आपल्याला जाणवतं. जवळच्या चारजणांना आधी फोन आणि मग ग्रुपवर निरोप, एवढा क्रम पाळला तरी फाडलेल्या कोपऱ्याचं काम होतं.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या मायन्यांनी माणसांच्या पायऱ्याही लावल्या होत्या. सधवेला ‘सौ.’ आणि विधवेला ‘गं. भा.’ लिहून बाईचं दुःख पाकिटावर छापलं जाई. विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हे संबोधन वापरण्याचा विषय एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्रात पुन्हा निघाला, तेव्हा त्याला लगेच विरोध झाला आणि तो योग्यच होता. मालकानं गड्याला ‘अरे-तुरे’ करायचं आणि गड्यानं मालकाच्या दहा वर्षांच्या पोराला ‘अहो-जाहो’ करायचं, हाही त्या काळचा शिष्टाचारच होता. म्हणून रीत जुनी आहे की नवी, हा प्रश्न नसतो. ती समोरच्याला माणूस म्हणून वागवते का, एवढंच पाहायचं.

आता समोरासमोरच्या बोलण्याकडे येऊ. दोन माणसं बोलत असतात तेव्हा खरं म्हणजे एकच जण बोलत नसतो. ऐकणारा मधूनमधून ‘हं’, ‘बरं’, ‘हो का?’, ‘अगंबाई!’, ‘मग?’ असं म्हणत असतो. गोष्ट सांगणारी आजी नातवंडांना आधीच बजावते, हुंकार द्या, नाहीतर मी गोष्ट थांबवीन. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वी यांनी १९७०मध्ये या हुंकारांना ‘बॅक चॅनल’ असं नाव दिलं. म्हणजे बोलण्याचा मुख्य रस्ता एकीकडून येतो आणि ही मागच्या दारानं परत जाणारी वाट असते. ही वाट किती महत्त्वाची आहे, ते फोनवर कळतं. पलीकडचा दहा सेकंद गप्प राहिला की आपण बोलणं तोडून विचारतो, ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ आपल्याला आवाज नको असतो, पोच हवी असते.

याच पोचेसाठी आपण बिनकामाचंही पुष्कळ बोलतो. ‘काय, कुठे निघालात?’ ‘जेवण झालं?’ ‘काय म्हणतंय पाऊसपाणी?’ विचारणाऱ्याला आपल्या जेवणाचा तपशील नको असतो. ब्रॉनिस्लॉव्ह मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं १९२३मध्ये हे नेमकं दाखवून दिलं, की असं बोलणं माहितीसाठी नसतं, माणसांना जोडून ठेवण्यासाठी असतं. ‘मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस’ इतकाच त्याचा अर्थ. जिन्यात भेटलेला शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून पुढे गेला तर आपल्याला लागतं, ते त्यामुळेच.

यातला वेळेचा भाग सगळ्यांत सूक्ष्म आहे. जगातल्या दहा भाषांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एकानं प्रश्न विचारला आणि दुसऱ्यानं उत्तर सुरू केलं, यांत मधे किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. सरासरी निघाली सेकंदाचा साधारण पाचवा भाग! भाषाभाषांत थोडाफार फरक होता, पण घाई सगळीकडे सारखीच. आणि जिथे उत्तर होकाराचं, तिथे ते लवकर येई. नकार रेंगाळत येई. हे आपल्या अनुभवाचंच आहे. ‘पाच हजार रुपये मिळतील का महिनाभरासाठी?’ असं विचारल्यावर मित्र क्षणभर थांबला, की आपण उत्तराची वाट न बघता म्हणतो, ‘नाही, अडचण असेल तर राहू दे.’ त्या क्षणभराच्या शांततेतच आपल्याला नकार ऐकू आलेला असतो.

हे कान घेऊनच आपण मोबाइलवर आलो आणि तिथे आपली गफलत होते. लिखित निरोपाला उशीर झाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा काहीच नसतो. माणूस गाडी चालवत असेल, कुकरची शिट्टी झाली असेल, वर्गावर असेल. पण आपलं मन त्या उशिराचा अर्थ समोरासमोरच्या हिशेबानं लावतं. त्याला यायचं नाही, तिला राग आलाय, आपण जड झालोय. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. त्यांनी फोनच्या लाइनवर मुद्दाम थोडा विलंब घातला. बोलणाऱ्यांनी दोष लाइनला दिला नाही. पलीकडचा माणूसच नीट लक्ष देत नाही, असं त्यांना वाटलं. यंत्राचा उशीर माणसाच्या स्वभावावर जमा झाला. आपल्या घराघरांतल्या किती रुसव्यांचं मूळ इथे असेल!

नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या. एक करडी खूण म्हणजे निरोप गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे उघडला. ही पोचपावतीच, पण यंत्रानं, घेणाऱ्याला न विचारता केलेली सही. लोकांनी इतकी कुरकुर केली, की ती बंद करण्याची सोय लवकरच द्यावी लागली. मला विचाराल तर दोष खुणेचा नाही. ती ‘पाहिलं’ एवढंच सांगते, ‘समजलं’ हे सांगत नाही. ‘मजकूर समजला’ ही ओळ माणसालाच लिहावी लागते. ‘वाचलं. आत्ता गडबडीत आहे, रात्री सविस्तर लिहितो,’ एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि पलीकडच्याची अख्खी दुपार सुखाची जाते.

समोरासमोर आणि मोबाइलवर यांत आणखी एक फरक आहे आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. आपल्याकडे कुणाकडे मयत झालं की भेटायला जातात. तिथे फारसं कुणी बोलत नाही. शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा, पाण्याचा तांब्या पुढे करायचा. एरवी आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या घरातून निघताना मात्र ‘येतो’ही म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. तिथे शांतताच पोच असते, कारण माणूस देहानं हजर असतो. मोबाइलवर देह नसतो. तिथली शांतता म्हणजे गैरहजेरी. म्हणून समोरासमोर जे न बोलता भागतं, ते इथे लिहावं लागतं. आणि लिहायचं तर तीन इंग्रजी अक्षरं किंवा जोडलेल्या हातांचं चित्र पुरेसं नाही. ‘काकांनी मला सायकल शिकवली होती, ते आठवत राहतं. रविवारी येऊन जाते,’ अशा दोन ओळी त्या घरात मोठ्यानं वाचून दाखवल्या जातात.

पोच या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे तारतम्य, कधीकधी जिवावर बेततो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. जुन्या काळी निनावी पत्र यायचं तेव्हा लोक त्याला किंमत देत नसत. खाली सही नाही, मग विश्वास कसला, असं म्हणून ते चुलीत जाई. आता निनावी पत्रच येतं, पण ते आपल्या मेहुण्याच्या हातून येतं! मेहुण्यावर विश्वास म्हणून पत्रावर विश्वास. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं असे निरोप ‘फॉरवर्डेड’ म्हणून ओळखू येतील अशी खूण दिली आणि भारतात ते एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येतील अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हे झालं यंत्राचं कुंपण. ‘हे तुला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न मात्र आपणच विचारायचा आहे आणि मेहुण्याला तो सगळ्यांसमोर न विचारता एकट्याला विचारायचा, ही त्यातली पोच.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. फोन लागल्याबरोबर ‘आत्ता बोलायला सवड आहे ना?’ असं विचारावं. स्पीकर लावला असेल तर पलीकडच्याला सांगावं, शेजारी कोण बसलंय तेही सांगावं. अनोळखी माणसाला लिहिताना ‘तुम्ही’पासून सुरुवात करावी, ‘तू’वर येण्याचं आमंत्रण मोठ्यानं द्यायचं असतं, धाकट्यानं ते घ्यायचं नसतं. आणि कुणी आपल्याशी बोलत असताना मोबाइल टेबलावर पालथा ठेवावा. ‘माझं लक्ष तुझ्याकडे आहे’ हे याहून स्वस्तात सांगता येत नाही.

भारतात मोबाइल १९९५ साली आला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते २००३मध्ये बंद झाले. त्या काळात आपल्या लोकांनी बिनपैशांची पोच शोधून काढली. ‘गाडीतून उतरलास की मिस्ड कॉल दे.’ त्याही आधी एस्टीडी बूथवरून घरी तीन रिंगा देण्याची पद्धत होती. फोन कुणी उचलायचा नाही. रिंग वाजली की घरातले समजून चुकत आणि दिवे मालवत. आता बोलणं जवळजवळ फुकट झालंय, तरी आई दारात उभी राहून तेच सांगते, ‘पोचल्यावर कळव.’ तिला प्रवासाची हकीकत नको असते. ‘पोचलो’ हा एक शब्द आल्याशिवाय तिला झोप लागणार नसते. तो पाठवायला विसरू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)