दोनावर एक फुकट

दूधगंगेकाठचं सदलगा चिकोडी तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं; बाजाराला मात्र इचलकरंजी आणि कोल्हापूर जवळचं. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, कर्नाटकातल्याचा २९ ने. इचलकरंजीहून आलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी लागतो, चिकोडीच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिलाच्या प्रोग्रॅमला हा भेद एकदा शिकवला की काम भागतं. स्कीमचं तसं नाही. आज दोनावर एक फुकट, उद्या पाचशेच्या वर पन्नास कमी, परवा दोन्ही बंद.

अशा बदलत्या सुटीचा हिशेब कसा लिहावा, यासाठी डेव्ह थॉमस यांनी प्रोग्रॅमरांना सरावाचा एक धडा घालून दिला आहे. ‘कोडकाटा’ मालिकेतला हा नववा धडा. ‘ए’ वस्तू ५० ला एक, पण तीन मिळून १३०. ‘बी’ ३० ला एक, जोडी ४५ ला. गल्ल्यावर आधी बी आली, मग ए, मग पुन्हा बी: बेरीज ३०, ८० आणि शेवटी ९५ व्हायला हवी. मधे ए आली म्हणून जोडीची सूट हुकता कामा नये. थॉमस यांची मुख्य अट अशी, की भावाचे नियम बेरजेच्या कोडमध्ये गाडून ठेवायचे नाहीत; प्रत्येक बिल सुरू करताना ते बाहेरून द्यायचे. ही अट दुकानदाराच्या फार भल्याची आहे. स्कीम बदलायला त्याने प्रोग्रॅमरची वाट का पाहावी?

पण नियम वेगळे काढले की त्यांचा क्रम ठरवावा लागतो. ४० रुपयांच्या तीन साबणाच्या वड्या आणि ४१० चा किराणा, एकूण ५३०. फुकटची वडी आधी वजा केली तर ४९० उरतात आणि पन्नासची सूट जाते. पन्नास आधी काढले तर ४८०, मग वडीचे ४० जाऊन ४४०. तेच सामान, फरक ५० रुपयांचा! म्हणून कोणता नियम आधी हे दुकानदाराने ठरवावं, आणि कोणती सूट का मिळाली ते बिलावर छापलेलं असावं. गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे. जीएसटी कायद्यालाही विक्रीच्या वेळची सूट बिलात दाखवलेली लागते. तरच कर उरलेल्या रकमेवर धरला जातो.

पैशांची नोंद दशांशात ठेवणं धोक्याचं. संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. जाणते प्रोग्रॅमर सगळं पूर्ण पैशांत मोजतात. त्याची गरज परतीच्या वेळी कळते: तीन वड्यांचे ८० रुपये घेतले आणि गिऱ्हाइकाने एक परत आणली, तर किती द्यायचे? ८००० पैशांचे तीन समान वाटे होत नाहीत. मग बिल करतानाच २६६७, २६६७ आणि २६६६ असे वाटे प्रत्येक वडीच्या नावावर लिहून ठेवावे लागतात.