मूळ संहितेतून लिनक्स : उभारणीपूर्वीचा विचार

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून सळया घडविणाऱ्या भट्ट्या आहेत. घर बांधणारा मनुष्य भट्टीपर्यंत जात नाही; तो दुकानातून तयार सळई आणतो आणि त्याचे घर त्यामुळे कच्चे राहत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचेही असेच आहे. बहुतेक लोक ती तयार घेतात. परंतु मूळ संहितेपासून, म्हणजे कार्यक्रमकारांनी लिहिलेल्या सोर्स कोडपासून, ती आपल्याच यंत्रावर घडवून घेण्याचा मार्गही खुला आहे.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची मुक्त कार्यप्रणाली उभी राहिली. डेबियनसारख्या संचांत ती यंत्राला समजणाऱ्या तयार रूपात मिळते. २००२ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या जेंटू या संचात मात्र वापरणाराने आपल्या गरजा नोंदवायच्या आणि संगणकाने त्यानुसार संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे, म्हणजेच ती कंपाइल करायची, अशी योजना आहे.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून जुन्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न शाळा व ग्रामपंचायतींपुढे आहे. त्यास जेंटू हे उत्तर नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. दाखले देणाऱ्या संगणकावर तयार संचच बसवावा, तोही वरिष्ठांच्या अनुमतीने. मूळ संहितेचा मार्ग संगणक आतून कसा चालतो हे जाणू इच्छिणाऱ्या शिक्षकासाठी व विद्यार्थ्यासाठी आहे, आणि त्यासाठी एखादे मोकळे यंत्र हवे.

तयारीतील पहिले काम माहितीची प्रत काढण्याचे. ते सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेक जण ते उद्यावर टाकतात. प्रस्तुत लेखकाने घरच्या संगणकावर पहिला प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर दोन चकत्यांची नावे दिसत होती : एक आतली हार्ड डिस्क, दुसरी पेन ड्राइव्ह. दोन्ही नावांत एका अक्षराचाच फरक. रात्री अकराच्या सुमारास, घाईत, चुकीच्या नावावर नवे विभाग पाडले गेले आणि दोन वर्षांची टिपणे गेली. चकती नावावरून न ओळखता तिच्या क्षमतेवरून ओळखावी, हा धडा तेव्हा मिळाला. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

त्यानंतर यंत्राची नोंद एका वहीत करावी : प्रोसेसर कोणता, मेमरी किती, नेटवर्क कार्ड कोणत्या बनावटीचे, यंत्र जुन्या बायोस पद्धतीने सुरू होते की यूईएफआय पद्धतीने. शेवटच्या बाबीवर चकतीचे विभाग कसे पाडायचे हे अवलंबून असते. जेंटूची हस्तपुस्तिका किमान २ जीबी मेमरी व ८ जीबी जागा मागते; प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जागा मोकळी असलेली बरी. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक संकलनकार्यामागे सुमारे २ जीबी मेमरी धरावी, असा संकेत आहे. ४ जीबीच्या यंत्रावर आठ कामे एकदम लावली तर यंत्र गुदमरते आणि काम मध्येच तुटते.

आपल्याकडे विजेचा विचार वेगळा करावा लागतो. इंटरनेटवरील ब्राउझरसारखा मोठा कार्यक्रम साध्या यंत्रावर कंपाइल होण्यास कित्येक तास लागतात. वीज गेली तर पूर्ण झालेले भाग सुरक्षित राहतात, पण अर्धवट राहिलेला भाग बहुधा पुन्हा आरंभापासून करावा लागतो. बहुतेक यूपीएस काही मिनिटांचेच असतात. त्यांचा उपयोग यंत्र नीट बंद करण्यापुरता. यास्तव भारनियमनाच्या वेळा पाहून मोठी कामे लावावीत. डिसेंबर २०२३ पासून जेंटूनेही अनेक कार्यक्रम तयार रूपात उपलब्ध करून दिले आहेत. जड कार्यक्रम तसे घ्यावेत आणि शिकण्याजोगे स्वतः घडवावेत. त्यात कमीपणा नाही.

हस्तपुस्तिका आधी एकदा संपूर्ण वाचावी आणि काम करताना ती दुसऱ्या यंत्रावर, भ्रमणध्वनीवर किंवा छापील स्वरूपात समोर ठेवावी. ज्या संगणकावर काम चालू आहे त्यावरच ती असेल तर अडचणीच्या क्षणी ती उघडणार कशी? उतरवून घेतलेल्या संचाची डिजिटल स्वाक्षरीही पडताळावी.

कोणत्या सुविधा हव्या, कोणत्या नकोत, ही निवड मग येते. मुद्रणयंत्र नसेल तर मुद्रणाची सोय वगळता येते. मराठी मात्र आठवणीने नोंदवावी; भाषांच्या यादीत ती नसेल तर फायरफॉक्सचे मराठी रूप आपोआप येत नाही. देवनागरी टंक व इनस्क्रिप्ट कळफलक यांचीही तजवीज हवी. सारे जुळल्यावर 'दऱ्या', 'सुऱ्या' आणि 'ज्ञानेश्वर' हे शब्द टंकून पाहावेत. पहिल्या दोन शब्दांतील अर्धा र नीट उमटला, की मराठीची सोय बहुतांशी बसली असे समजण्यास हरकत नाही.