धारचे कुशाभाऊ

मरोदा स्टेशनच्या बाकावर परवा पुन्हा तोच प्रश्न आला. "कुशाभाऊ ठाकरे, बंबईवाले ठाकरे के रिश्तेदार थे क्या?" दल्ली राजहऱ्याकडून लोहखनिजाची मालगाडी खडखडत आली, ती जाईपर्यंत थांबलो. मग म्हटलं, नाही हो, ते धारचे. पोलादाच्या कारखान्यापायी भिलाईत रुजलेल्या आम्हा मराठी घरांना हे उत्तर पाठ आहे.

जन्म 15 ऑगस्ट 1922, पवारांच्या जुन्या संस्थानात. 1942 साली ते संघाचे प्रचारक झाले. पुढे जनसंघाची मध्य प्रदेशातली बांधणी त्यांच्याकडे आली. तो मध्य प्रदेश केवढा! एका टोकाला माळवा, दुसऱ्या टोकाला बस्तर. आमचं भिलाईही त्यातच. सभा गाजवणारे वेगळे असत. कुशाभाऊ गावोगाव हिंडत, माणसं हेरत, त्यांना कामाला लावत. लग्न केलं नाही, मंत्री कधी झाले नाहीत. आणीबाणीत तुरुंगात गेले. 1979 ची खांडव्याची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत पोचले खरे, पण पुढच्याच वर्षी ती जागा गेली. मला वाटतं, संसद हा त्यांचा प्रांतच नव्हता.

1998 मध्ये ते भाजपचे अध्यक्ष झाले. जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्ष झालेला माणूस बहुतेक वेळा पंतप्रधानही होतो; शिन्झो आबे 2006 आणि 2012 मध्ये असेच त्या खुर्चीवर बसले. इथे सत्ता वाजपेयींकडे आणि पक्ष कुशाभाऊंकडे. एप्रिल 1999 मध्ये एका मताने सरकार पडलं, तेव्हा पुन्हा निवडणुकीला पक्ष उभा करणं अध्यक्षाच्याच गळ्यात आलं. 2000 मध्ये ते त्या पदावरून उतरले. त्याच नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं.

4 डिसेंबर 2003 ला विधानसभांचे निकाल लागले. मध्य प्रदेशात 230 पैकी 173 जागा, छत्तीसगडात 90 पैकी 50. दोन्हीकडे भाजप. 28 डिसेंबरला कुशाभाऊ गेले.

रायपूरच्या पत्रकारिता विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. 2020 मध्ये काँग्रेस सरकारने ते बदलून चंदूलाल चंद्राकरांचं द्यायचं ठरवलं, तेव्हा बराच वाद पेटला. चंद्राकर आमच्या दुर्गचे खासदार आणि मुळात संपादक. कुशाभाऊ काही पत्रकार नव्हते. मराठी असूनही मला त्यात तथ्य वाटलं. भोपाळच्या आंतरराज्यीय बसस्थानकाला मात्र त्यांचं नाव आहे, ते शोभतं.