ओटल्याचा हिशेब

मुंबईंत रोटला मिळतो, पण ओटला मिळत नाहीं, ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ओटला इतका महाग कां झाला व तो कोठें घ्यावा, याचा आज थोडा हिशेबी विचार करूं.

पहिलें कारण भूगोलाचें. हें शहर लांबट व अरुंद. तिन्ही बाजूंस पाणी, आणि कचेऱ्या प्रथम वसल्या त्या दक्षिण टोकास. वस्ती वाढली ती आगगाडीच्या रुळांबरोबर उत्तरेकडे. दुसरें कारण कायद्याचें. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० सालच्या पातळीस बांधलीं. बिऱ्हाडकरूंस त्याचा मोठाच आधार झाला. परंतु भाड्यांतून दुरुस्तीचा खर्चही निघेना, तेव्हां भाड्यासाठीं नव्या चाळी बांधण्याची उमेद मालकांस उरली नाहीं. खोलीसाठीं पागडी मोजावी लागूं लागली. तिला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या कायद्यानें.

मग गिरगांव-दादरचीं कितीएक कुटुंबें डोंबिवली, बदलापूर, विरार इकडे गेलीं. तेथें त्याच पैशांत अधिक खोल्या मिळतात. उरलेली किंमत मात्र वेळेच्या रूपानें फेडावी लागते. जातां-येतां मिळून रोज ३ तास धरा. वर्षाचे ३०० कामाचे दिवस, म्हणजे ९०० तास. ३० वर्षांच्या नोकरींत २७,००० तास. रात्रंदिवस मोजले तर ३ वर्षांहून अधिक काळ प्रवासांत गेला! ही फेड मिळवता एकटाच करीत नाहीं. आईबाप घरीं पोंचतात तेव्हां मूल झोपलेलें असतें, आणि वृद्धांचें औषधपाणी शेजाऱ्यांवर सोंपवावें लागतें.

म्हणून दूर राहूंच नये, असें नव्हे. जवळची खोली गळकी व इमारत मोडकळीस आलेली असेल, तर ती जवळीकही महागच. मात्र घर पाहतांना तीन गोष्टी कराव्या. अंतर बोरीबंदरापासून न मोजतां आपल्या कचेरीपासून मोजावें. वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, ऐरोली येथेंही आतां पुष्कळ कामें गेलीं आहेत. तें अंतर सोमवारीं सकाळीं, गर्दीच्या वेळीं, स्वतः जाऊन पाहावें. आणि नव्या इमारतींत किंमत विचारतांना चटई क्षेत्र किती, हें आधीं विचारावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें तें सांगणें बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे.

हप्त्यांचा हिशेब बँक करून देते; तासांचा हिशेब घरांतील सर्वांनीं एकत्र बसून करावयाचा आहे, आणि तो घर घेण्यापूर्वीं.