शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही

डिसेंबर १९८४. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात किरणोत्सार तपासणारं यंत्र स्टॅन्ले वॉट्रस या अभियंत्याला पाहून वारंवार कोकलू लागलं. प्रकल्पात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. मग एकदा कामावर येताच, कशालाही हात न लावता, ते त्या यंत्रातून गेले. तरीही गजर झालाच! किरणोत्सार ते कामावरून घरी नेत नव्हते, घरून कामावर आणत होते.

बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरातल्या हवेत रेडॉन वायू होता, लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. हा आकडा ४ किंवा अधिक असेल तर उपाय करा, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. कुटुंबाला घर सोडावं लागलं. शेजारच्या घरात मात्र काळजीचं कारण नव्हतं.

असं का? या भागातल्या खडकांत युरेनियम आहे. त्याचं रेडियम होतं आणि रेडियमचा रेडॉन. रेडॉनला रंग नाही, वास नाही. ३.८ दिवसांत तो निम्मा उरतो, पण जमिनीतून घरात शिरायला तेवढा वेळ पुरतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाते आणि घर धुराड्यासारखं खालून हवा ओढू लागतं. फरशीच्या भेगा, नळाभोवतीच्या फटी, बेसमेंटमधला पाणी उपसण्याचा खड्डा या रेडॉनच्या वाटा. खालचा खडक किती भेगाळलेला आणि पाया कसा बांधलेला, हे घराघरागणिक बदलतं.

खरा घात रेडॉनपासून बनणारं पोलोनियम करतं. धुळीच्या कणांवर बसून ते फुफ्फुसात जातं आणि तिथल्या पेशींवर अल्फा कणांचा मारा होतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना घरतपासणीच्या यादीत रेडॉन भेटतोच. मुलांची खेळण्याची खोली किंवा ऑफिसचं टेबल बेसमेंटमध्ये असेल तर ही चाचणी टाळू नये. दुकानात कोळशाची छोटी डबी मिळते. चाचणीच्या आदल्या १२ तासांपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. ये-जा करण्यापुरतंच दार उघडायचं. वापरातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून हातभर उंच, डबी उघडी ठेवायची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं. सांगितलेले दिवस भरले की लगेच बंद करून प्रयोगशाळेला धाडायची. हवामानानुसार आकडा वर-खाली होतो. वर्षभराची सरासरी हवी तर ९० दिवसांहून जास्त चालणारी चाचणी बरी.

आकडा जास्त आला तरी घर विकायला नको. फरशीला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवतात आणि पंखा लावून खालची हवा छपराबाहेर सोडतात. पाइपवर रंगीत द्रवाची इंग्रजी यू आकाराची नळी असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी असेल तर पंखा ओढतोय. पण ती नळी रेडॉन मोजत नाही! म्हणून पंखा बसल्यावर पुन्हा चाचणी करायची, आणि पुढे दर दोन वर्षांनी.